सुईचं रेशनिंग आणि बीटल्सच्या हरवलेल्या टेपा

लिव्हरपूलच्या बीटल्स या बँडचा 'लाइव्ह ॲट द बीबीसी' हा डबल अल्बम ३० नोव्हेंबर १९९४ ला बाजारात आला तेव्हा बँड फुटून जवळजवळ पाव शतक उलटलं होतं, तरी पठ्ठ्यांनी इंग्लंडात एक नंबर गाठला. त्यातलं रेकॉर्डिंग तीसेक वर्षं जुनं, मोनो म्हणजे स्टिरिओ नसलेलं, मधेमधे खरखर, आणि बरीचशी गाणी तर दुसऱ्यांचीच. मार्च १९६२ ते जून १९६५ या काळात हे चौघं बीबीसी रेडिओच्या ५२ कार्यक्रमांत वाजले, ८८ वेगवेगळी गाणी, सगळी मिळून २७५ वेळा. त्यातली ३६ गाणी त्यांनी तेव्हा रेकॉर्डवर कधी काढलीच नाहीत.

आता प्रश्न असा की रेकॉर्ड निघालेल्या होत्या, हिट होत्या, मग रेडिओनं सरळ रेकॉर्डच लावायची ना, तेच गाणं परत परत स्टुडिओत वाजवून घ्यायची हौस कुणाला? हौस नाही, नियम होता. त्याला म्हणायचे नीडल टाइम, म्हणजे सुई रेकॉर्डवर किती वेळ टेकवायची त्याचं रेशनिंग. रेकॉर्ड कंपन्यांना वाटायचं की रेडिओवर फुकट ऐकायला मिळालं तर लोक दुकानात कशाला जातील, आणि म्युझिशियन्स युनियनला भीती की तबकड्याच वाजत राहिल्या तर वाजवणाऱ्यांनी खायचं काय. म्हणून कंपन्यांच्या वतीनं फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड नावाची संस्था बीबीसीशी करार करायची आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीच्या सगळ्या स्टेशनांना मिळून दिवसाला जेमतेम चार-पाच तास रेकॉर्ड लावता यायच्या. त्यातही क्लासिकल आलं, बाकी सगळं आलं, पॉपच्या वाट्याला काय उरणार!

उरलेला वेळ भरायचा तो जिवंत वाजवून. त्यामुळे व्हायचं काय, की ताज्या हिट गाण्याची नक्कल बीबीसीचा सूटबूटवाला ऑर्केस्ट्रा करायचा आणि पोरं ती निमूट ऐकायची, नाहीतर मग खुद्द बँडलाच बोलवायचं.

पण बोलावण्याआधी ऑडिशन असायची. बीटल्सची झाली फेब्रुवारी १९६२ मध्ये मँचेस्टरला, म्हणजे डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी १ जानेवारीला दिलेल्या ऑडिशनला जेमतेम दीड महिना झाला होता, आणि डेक्कानं तर त्यांना नकोच म्हटलं. बीबीसीचा प्रोड्यूसर पीटर पिलबीमनं फॉर्मवर गायकांबद्दल शेरा मारला, जॉन लेनन हो, पॉल मॅकार्टनी नाही! वर लिहिलं की वेगळाच ग्रुप आहे, इतरांसारखा रॉकचा धिंगाणा नाही, झुकाव कंट्री अँड वेस्टर्नकडे, आणि संगीत वाजवण्याकडे कल दिसतो. हा शेवटचा टोमणा बाकीच्या बँडांना होता असं मला वाटतं. तर ७ मार्चला मँचेस्टरच्या प्लेहाउस थिएटरात रेकॉर्डिंग झालं, ८ मार्चला लागलं. तेव्हा ड्रमवर पीट बेस्ट, त्याच्या जागी रिंगो स्टार यायला अजून पाच महिने, आणि पार्लोफोन या ईएमआय कंपनीच्या लेबलवरचं 'लव्ह मी डू' तर ऑक्टोबरमध्ये आलं. म्हणजे पार्लोफोनसाठीचं त्यांचं पहिलं गाणं दुकानात येण्याआधी सात महिने हे लोक देशाच्या रेडिओवर वाजून गेले होते.

मग १९६३ मध्ये कहर झाला. 'सॅटर्डे क्लब', 'ईझी बीट' वगैरे बीबीसीचे पॉप कार्यक्रम होतेच, त्यात स्वतःच्या नावाचा 'पॉप गो द बीटल्स' सुरू झाला, ४ जूनपासून २४ सप्टेंबरपर्यंत १५ भाग. आता १५ भाग भरायला गाणी आणायची कुठून, स्वतःची होती किती? तर मग हॅम्बुर्गच्या क्लबात आणि लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमध्ये रात्र रात्र वाजवलेली चक बेरी, लिटल रिचर्ड, कार्ल पर्किन्स, आर्थर अलेक्झांडर या अमेरिकन गायकांची गाणी बाहेर निघाली. १६ जुलैला लंडनच्या पॅरिस थिएटरमध्ये तीन भागांसाठी सात तासांच्या आत १८ गाणी! आख्खा पहिला अल्बम बनवताना फेब्रुवारीत एका दिवसात १० गाणी केली तर त्याचे गोडवे आजही गातात, इथं १८ झाली आणि कुणाच्या गावीही नाही. वर ईएमआयच्या स्टुडिओत निदान दोन ट्रॅक होते, म्हणजे आवाज दोन भागांत वेगवेगळा भरता यायचा, बीबीसीत एक मोनो टेप, वाजवा, झालं, पुढचं गाणं.

एवढं करून ठेवलं काय, तर काही नाही. टेप महाग, करारानं ते रेकॉर्डिंग ठरावीक वेळाच लावता यायचं, म्हणून प्रसारण झालं की टेप पुसून त्यावर दुसरं काहीतरी. वाचून राग येतो खरा, पण आमच्याकडे काय वेगळं होतं? रेडिओसमोर पॉजच्या बटणावर बोट ठेवून मी भरलेल्या कॅसेटवर भावानं क्रिकेटची कॉमेंट्री चढवली होती. कॅसेटच्या पाठीवरची ती प्लास्टिकची छोटी टिकली मोडून टाकली असती तर वाचली असती. मी नव्हती मोडली.

वाचलं ते दोन आडवाटांनी. एक म्हणजे बीबीसीचा ट्रान्सक्रिप्शन विभाग परदेशी स्टेशनांना पाठवायला कार्यक्रमांच्या तबकड्या काढायचा, त्या जगभर कुठे कुठे पडून राहिल्या. दुसरं म्हणजे घरात रेडिओशेजारी टेप रेकॉर्डर लावून बसलेले श्रोते. ७ मार्च १९८२ ला त्या पहिल्या रेकॉर्डिंगला वीस वर्षं झाली म्हणून बीबीसीनं 'द बीटल्स ॲट द बीब' (बीब म्हणजे लाडानं बीबीसी) हा कार्यक्रम केला, केविन हॉलेट हे त्यामागचे शोधकर्ते. मग १९८८ मध्ये बीबीसीच्या रेडिओ १ वर १४ भागांची मालिका. तोवर बेकायदा रेकॉर्डिंगांचा चोरबाजार पुढे गेला होता, १९९३ मध्ये इटलीच्या ग्रेट डेन नावाच्या लेबलनं नऊ सीडींचा अख्खा संच काढला, आणि अधिकृत अल्बम त्यानंतर वर्षभरानं. दुसरा भाग यायला तर २०१३ चा नोव्हेंबर उजाडला.

रोलिंग स्टोन्स, किंक्स, द हू, क्रीम, त्या काळच्या या सगळ्या बँडांच्या बीबीसी टेपा पुढे निघाल्या, गोष्ट थोड्याफार फरकानं तीच. लेड झेपलिन बँडचं 'सनशाइन वुमन' मार्च १९६९ च्या सेशनमधलं, म्हणजे रेडिओसाठी स्टुडिओत वाजवून घेतलेलं, तेही पुसलेलंच, कुणा चाहत्यानं रेडिओवरून उतरवलेली टेप मिळाली म्हणून २०१६ च्या संचात आलं. नीडल टाइम मात्र १९८८ पर्यंत टिकला. रेडिओ १ चा निवेदक जॉन पील याची सेशन्स म्हणून जो एवढा बोलबाला आहे तोही त्याच रेशनिंगच्या पोटी जन्मलेला.

एक तारीख मला फार आवडते, ४ एप्रिल १९६३. त्या दिवशी पॅरिस थिएटरमध्ये बीटल्सनी 'आय विल बी ऑन माय वे' वाजवलं, लेनन-मॅकार्टनीचं गाणं, रेकॉर्डवर गेलं बिली जे. क्रेमर या दुसऱ्याच गायकाच्या आवाजात, यांच्या आवाजात फक्त रेडिओवर. तिथून निघाले आणि संध्याकाळी स्टो नावाच्या बोर्डिंग शाळेत कार्यक्रम. तिथं १५ वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं आपल्या टेप रेकॉर्डरवर तासाभराचा कार्यक्रम उतरवला आणि ती टेप साठ वर्षं जपून ठेवली. २०२३ मध्ये ती उजेडात आली, आणि जगाला ही बातमी ऐकवली कुणी, तर बीबीसी रेडिओ ४ नं.