लघुव्यासी रायफल व लहान शिकार

नळीचा व्यास साधारणपणे .32 इंचापर्यंत (8 मिमी) असलेल्या, हलक्या काडतुसावर चालणाऱ्या रायफलीने ससा, खार किंवा तत्सम आकाराचे प्राणी-पक्षी टिपण्याचा प्रकार. एकच गोळी, छर्रे नव्हेत, हे त्याचे वेगळेपण. येथे विचार मुख्यतः जुन्या रायफलींचा आहे. ‘जुनी’ रायफल म्हणजे दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या घडणीची, असा संग्राहकांचा ढोबळ संकेत आहे. मात्र 1950 च्या दशकापर्यंत निघालेल्या कित्येक बनावटीही त्यांत धरल्या जातात. केवळ व्यासावरून वर्ग ठरत नाही. 1930 च्या सुमारास आलेल्या .22 हॉर्नेट या काडतुसाची गोळी नेहमीच्या .22 (इंच) काडतुसाच्या गोळीएवढ्याच, जवळजवळ त्याच व्यासाची असली, तरी तिचा वेग साध्या .22 च्या सुमारे दुप्पट असल्याने ते येथे अभिप्रेत नाही.

पूर्वपीठिका : काडतुसे येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत .32 ते .40 इंच व्यासाच्या, तोंडाकडून ठासायच्या लांब नळीच्या रायफली खारींसाठी वापरीत. शिसे व दारू कमी लागे आणि मांस फुकट जात नसे. खारीवर नेम न धरता तिच्या पोटाखालच्या सालीवर गोळी मारायची आणि उडालेल्या सालीच्या दणक्याने ती मारायची, या कसबाला ‘बार्किंग’ म्हणत. पक्षितज्ज्ञ जॉन जेम्स ऑड्युबन यांनी केंटकीत डॅनियल बून यांना असे करताना प्रत्यक्ष पाहिल्याचे लिहिले आहे. परंतु बून 1799 मध्येच मिसूरीकडे गेले होते आणि ऑड्युबन अमेरिकेत आले ते 1803 मध्ये. त्यामुळे या भेटीविषयी अभ्यासकांना शंका आहे. कसब खरे, प्रसंग मात्र ऐकीव असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात करून पेटवायचे) काडतूस : पॅरिसचे बंदूककार लुई फ्लोबेर यांनी 1845 च्या सुमारास आघात-टोपीतच (ठोक्याने पेटणाऱ्या स्फोटकाच्या छोट्या टोपीतच) बारीक गोळी बसवली. तीत वेगळी दारू नव्हती, टोपीतले स्फोटक हाच भार. दिवाणखान्यातील नेमबाजीपुरते ते पुरे होते. स्मिथ अँड वेसन यांनी 1857 मध्ये आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी ही कल्पना लांबवून दारू भरलेले काडतूस काढले. तेच पुढे .22 शॉर्ट म्हणून ओळखले गेले (गोळी 29 ग्रेन, सु. 1.9 ग्रॅम). रिमफायर काडतुसाच्या बुडाची कड आतून पोकळ असते. काडतूस वेगाने फिरवून ओले स्फोटक त्या पोकळीत पसरवतात. घोडा पडला, की पिन ही कड चेंबरच्या (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या भागाच्या) काठावर चेपते आणि ठिणगी पडते. कडेचा पत्रा चेपला जावा म्हणून पातळच ठेवावा लागतो, त्यामुळे मोठा दाब या रचनेला सोसत नाही. रिमफायर लहानच राहिले ते यामुळे.

.22 लाँग रायफलचा उगम : हे सर्वांत प्रचलित काडतूस. 1871 च्या .22 लाँगचे कवच आणि .22 एक्स्ट्रा लाँगची 40 ग्रेन (सु. 2.6 ग्रॅम) वजनाची गोळी यांचा तो मेळ आहे. मूळ भार 5 ग्रेन काळ्या दारूचा. जे. स्टीव्हन्स आर्म्स अँड टूल कंपनीने ते 1887 मध्ये सिद्ध केले, याबाबत फारसा मतभेद नाही. वाद आहे तो प्रथम कोणी बनवले याचा. एका मतानुसार ओहायोतील पीटर्स कार्ट्रिज कंपनीने ते स्टीव्हन्ससाठी खास तयार केले. पण स्टीव्हन्सच्या 1888 च्या सूचिपत्रात उल्लेख येतो तो युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनीच्या काडतुसाचा. शिवाय पीटर्स कंपनीची स्थापनाच 1887 ची. एवढ्याने पीटर्सचा दावा खोडला जात नाही, तथापि समकालीन छापील पुराव्याचे पारडे दुसऱ्या बाजूला झुकते. ‘लाँग रायफल’ या नावाचा रायफलीच्या लांबीशी संबंध नाही. ‘लाँग’ हे काडतूस आधीपासून होते, त्याचे रायफलीसाठी केलेले रूप एवढाच त्याचा अर्थ.

या काडतुसाची गोळी बाहेरून कवचाएवढ्याच जाडीची असून तिचा मागचा भाग तासून आत बसवलेला असतो. त्यामुळे गोळीवरचे वंगण उघडे राहते आणि खिशातील धूळ, तंबाखूचा चुरा त्याला चिकटतो. 1890 मधील .22 डब्ल्यूआरएफ (विंचेस्टर रिमफायर, 45 ग्रेन) या काडतुसात वंगण कवचाच्या आत घेऊन हा दोष टाळला होता. तरीही टिकले ते स्वस्त असलेले जुनेच.

प्रमुख रायफली : जॉन ब्राउनिंग व त्यांचे बंधू मॅथ्यू यांच्या आराखड्यावरील विंचेस्टर मॉडेल 1890 ही पुढची मूठ मागेपुढे सरकवून चालणारी रायफल सुमारे साडेआठ लाख इतकी निघाली. ती शॉर्ट, लाँग व डब्ल्यूआरएफ यांसाठी वेगवेगळी बनत असे, म्हणून नळीवरील अक्षरे वाचल्याशिवाय काडतूस घालू नये. स्टीव्हन्स फेव्हरिट ही एकबारी आणि मार्लिन 39 ही खालचे कडे (लिव्हर) हलवून चालणारी रायफलही प्रसिद्ध आहेत. ब्रिटनमध्ये रूक या कावळ्याच्या कुळातील पक्ष्याची, घरट्याबाहेर फांदीवर आलेली पिल्ले टिपण्यासाठी .295 ते .360 इंच व्यासाच्या सुबक ‘रूक रायफली’ होत्या. .22 आल्यावर त्या मागे पडल्या.

नळीचा ऱ्हास : जुन्या रायफलीची नळी उजेडाकडे धरून पाहिली, तर पुष्कळदा आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा देवीच्या व्रणांसारख्या खड्ड्यांनी भरलेल्या दिसतात. दोष बहुधा अतिवापराचा नसून स्फोटकाचा असतो. त्यातील पोटॅशियम क्लोरेटचे ज्वलनानंतर क्लोराइड क्षार बनते. ते मिठासारखेच हवेतील ओल शोषते आणि पोलाद गंजते. काळ्या दारूची काजळी भरपूर असल्याने हे क्षार तीत विखुरले जात, शिवाय ती धुण्यासाठी पाणी वापरणे भागच असे. 1890 च्या दशकात निर्धूम दारू आली आणि नळी स्वच्छ दिसू लागली. लोक तेलाचा बोळा फिरवून रायफल भिंतीला लावू लागले. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. सर्वाधिक नळ्या याच काळात गेल्या असाव्यात. पुढे 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात रेमिंग्टनच्या ‘क्लीनबोअर’सारखी न गंजवणारी काडतुसे आली. 1930 च्या दशकातील अतिवेगी काडतुसांनी वेगळीच अडचण केली : काही जुन्या बनावटींत बोल्ट (काडतुसामागे चेंबर बंद करणारा भाग) काडतुसाच्या कडेला पुरता आधार देत नाही, त्यामुळे कड फाटून गरम वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. अशा रायफलीत सामान्य वेगाची काडतुसेच वापरतात. लाँग रायफलच्या चेंबरमध्ये वर्षानुवर्षे शॉर्ट उडवल्यास आखूड कवचाच्या तोंडापुढे कोरले गेलेले कडे तयार होते आणि पुढे लांब कवच तिथे अडकते.

नेम व पल्ला : सामान्य वेग सेकंदाला सु. 330 मी., म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली. 50 यार्डांवर जुळवलेली गोळी 100 यार्डांवर सुमारे 6 इंच खाली जाते, तेव्हा अंतराचा अंदाज चुकला तर सशाचे डोके सुटते. 50-60 यार्डांच्या आत, जनावर स्थिर असताना, डोक्यावर एकच गोळी हा सर्वमान्य दंडक. डोके चुकले तर मांस फारसे बिघडत नाही, पण जखमी जनावर बिळात जाऊन मरते. नेम धरण्याची नळीच्या टोकावरील मूळ माशी व मागची उघडी खाच वयपरत्वे धूसर दिसते. विल्यम लायमन यांनी 1870 च्या दशकाअखेर काढलेली, मुठीवर बसणारी छिद्रदर्शिका (बारीक छिद्रातून नेम धरायचे साधन) म्हणूनच अनेक जुन्या रायफलींवर नंतर बसवलेली आढळते. निसटलेली गोळी दीड किलोमीटरही जाऊ शकते, म्हणून झाडावरच्या खारीवर आकाशाच्या दिशेने बार न काढता मागे जाड खोड असेल तरच काढतात.

शिशाच्या गोळीवर अलीकडे निर्बंध येत आहेत. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी ती 1 जुलै 2019 पासून पूर्णतः बंद आहे. शिसेविरहित .22 गोळ्या हलक्या असतात, आणि 40 ग्रेनच्या शिशासाठी 16 इंचांत एक फेरा अशा खाचा पाडलेल्या जुन्या नळ्यांतून त्या नेहमीच नीट जमतात असे नाही.