झेब्रा हॉवर्थिया

कोरफडीच्याच ॲस्फोडेलेसी कुळातील बुटकी, मांसल पानांची वनस्पती. शास्त्रीय नाव हॉवर्थिऑप्सिस ॲटेन्युएटा. मूळस्थान दक्षिण आफ्रिकेचा ईस्टर्न केप प्रांत. तेथे ती खडकाळ जमिनीत, झुडपांच्या आडोशाने वाढते. गडद हिरवी, टोकदार पाने गुलाबाच्या पाकळ्यांसारखी एका केंद्राभोवती रचलेली असतात आणि त्यांवर पांढऱ्या उंचवट्यांचे आडवे पट्टे असतात. कुंडीत ती सहसा १०–१२ सेंमी. उंचीच्या पुढे जात नाही, त्यामुळे ग्रिलमधल्या अरुंद फळीवरही मावते. मांजर-कुत्र्यांना ती विषारी नाही.

हॉवर्थिया हा वंश (कुळातील जवळच्या जातींचा गट) १८०९ मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ एड्रियन हार्डी हॉवर्थ यांच्या नावावरून मांडला गेला. २०१३ मध्ये कडक पानांच्या जाती त्यातून वेगळ्या काढून हॉवर्थिऑप्सिस वंशात घेण्यात आल्या. रोपवाटिकांमध्ये जुनेच नाव चालते आणि पुष्कळदा त्याला ‘फॅसिएटा’ हे चुकीचे जातिनाम जोडलेले असते. फॅसिएटाच्या पानांची आतली बाजू गुळगुळीत असते, तर ॲटेन्युएटाला दोन्ही बाजूंनी पांढरे उंचवटे असतात. बाजारात मिळणारे रोप बहुतेक वेळा ॲटेन्युएटाच निघते. चमकदार निळ्या-गुलाबी रंगाची रोपे दिसतात ती रंगवलेली असतात. रंगाखालच्या पानाला प्रकाश मिळत नाही, म्हणून ती घेऊ नयेत.

‘कमी देखभालीचे झाड’ ही तिची ख्याती खरी आहे, पण ठाणे आणि नवी मुंबईत ती जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत खोटी ठरते. येथील झाडे दुर्लक्षाने क्वचित मरतात. बहुतेक मरतात ती पावसाळी दमट हवा आणि सवयीने घातलेले पाणी यांमुळे.

रोप आणल्यावर पहिले काम माती बदलण्याचे. रोपवाटिकेतली कुंडी बहुधा निव्वळ कोकोपीटने (नारळाच्या काथ्याच्या भुशाने) भरलेली असते. हे कोकोपीट पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ओले राहते, तर मे महिन्यात सुकून आक्रसते आणि पाणी कडेने निसटून जाते. मुळांभोवतीचे कोकोपीट बोटांनी मोकळे करावे. तुटलेली मुळे वाळण्यासाठी रोप तीन-चार दिवस सावलीत तसेच ठेवावे आणि मग लावावे. मिश्रणात दोन भाग विटांचे ३ ते ६ मिमी.चे तुकडे, एक भाग जाड रेती, एक भाग लाल माती आणि मूठभर गांडूळखत असावे. विटांची भुकटी चाळून काढणे आवश्यक आहे, नाहीतर तीच तळाशी जाऊन चिखल करते. खाडीची रेती क्षारयुक्त असते, ती टाळावी. बांधकामावरून उचललेल्या रेतीत सिमेंट मिसळलेले असू शकते, तीही नको. कुंडी मातीची, चार इंची आणि तळाला भोक असलेली घ्यावी. शोभेचे पांढरे गोटे वर पसरल्यास खालची ओल दिसत नाही. काही ठिकाणी ते गोंदाने चिकटवूनच विकतात, ते आधी खरवडून काढावेत.

प्रकाश भरपूर, पण ऊन कोवळे असावे. पूर्वेची खिडकी सर्वांत सोयीची. पश्चिमेच्या बाल्कनीत एप्रिल-मे महिन्यांतील दुपारच्या उन्हाने पाने तांबूस होतात, मग करपतात. तेथे झाड छज्जाखाली किंवा पातळ पडद्यामागे ठेवावे. प्रकाश कमी पडला तर पाने फिकट, लांब होऊन पसरतात. एकदा पसरलेली पाने पुन्हा मिटत नाहीत, नवी पाने मात्र जागा बदलल्यावर नीट येतात.

पाणी ठरावीक वारी घालू नये. उदबत्तीची जळून उरलेली काडी कुंडीच्या तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढावी. ती कोरडी निघाली तरच पाणी द्यावे. साधारण अंदाज असा: ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर १० ते १४ दिवसांनी, उन्हाळ्यात ८ ते १० दिवसांनी संध्याकाळी, पावसाळ्यात २० ते २५ दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा. चार इंची कुंडीला सुमारे १०० मिली. पाणी कडेने, तळातून निथळेपर्यंत घालावे आणि ताटलीतले पाणी ओतून टाकावे. मध्यभागी पाणी साचले तर गाभाच कुजतो. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरे क्षार जमतात. असे दिसल्यास वर्षातून एकदा माती बदलावी.

जूनच्या सुरुवातीला झाड ग्रिलमधून आत घ्यावे, कारण नैर्ऋत्येकडून येणारी झड छज्जाला जुमानत नाही. आत घेतले म्हणजे काम संपले असे नाही. ज्या खोलीत दोरीवर ओले कपडे वाळतात तेथे ते ठेवू नये, आणि पंख्याची वाहती हवा मिळेल असे पाहावे.

मूळकूज ओळखताना हमखास फसगत होते. तहानलेल्या झाडाची पाने बारीक, सुरकुतलेली आणि आत वळलेली दिसतात. मुळे कुजलेल्या झाडाचीही तशीच दिसतात, कारण माती ओली असूनही त्याला पाणी शोषता येत नाही. लोक ते तहानलेले समजून आणखी पाणी घालतात. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती मरतात आणि मागोमाग बुरशी शिरते. म्हणून आधी झाड हलकेच ओढून पाहावे. घट्ट बसले असेल आणि माती कोरडी असेल तर तहान. डगमगले, किंवा बुडाची पाने पिवळट-तपकिरी व पाणचट झाली असतील, तर कूज. कूज असल्यास झाड उपटून, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने पांढरा, निरोगी भाग दिसेपर्यंत कापावे. पंख्याखाली सावलीत ५ ते ७ दिवस, पावसाळ्यात १० दिवस वाळवावे, मग कोरड्या मिश्रणावर नुसते टेकवून ठेवावे. सुमारे तीन आठवड्यांनी थोडे पाणी द्यावे. काही मुळे कोरडी आणि पोकळ आढळली तर घाबरू नये, हे झाड जुनी मुळे टाकून नवी धरते.

कीड मुख्यतः पिठ्या ढेकणाची. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसतात आणि कुंडीवर मुंग्यांची ये-जा वाढते. कापसाच्या काडीने ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते पुसावेत, आणि दर आठवड्याला असे तीन-चार वेळा करावे, कारण अंडी एकदम मरत नाहीत. मुळांवर पांढरी पूड दिसल्यास मुळे धुऊन सगळी माती टाकून द्यावी.

बुडाशी येणारी पिल्ले आईच्या एक-तृतीयांश आकाराची झाली आणि त्यांना स्वतःची मुळे फुटली की वेगळी करावीत. त्यासाठी येथे ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ उत्तम. पावसाळ्यात कापलेली जखम सुकत नाही. खत नाममात्र पुरते: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले) विद्राव्य खत अर्धा ग्रॅम प्रति लिटर, हिवाळ्यात दोनदा. लांब, बारीक दांड्यावर लहान पांढरट फुले येतात. ती सुकल्यावर दांडा पूर्ण वाळू द्यावा, मग तो अलगद ओढला तरी निघतो.