हीट ट्रेसिंगचा तापमान स्विच : जोडणी व देखभाल

हीट ट्रेसिंगचा तापमान स्विच : नळातून वाहणारा किंवा नळात थांबून राहिलेला पदार्थ ठरावीक तापमानाखाली जाऊ नये म्हणून नळाला लागून विजेची तापक केबल किंवा वाफेची बारीक नळी बसवतात आणि त्यावर उष्णतारोधक आवरण चढवतात. या व्यवस्थेला हीट ट्रेसिंग म्हणतात. नळाचे तापमान जोखून ही उष्णता आपोआप चालू किंवा बंद करणारे साधन म्हणजे तापमान स्विच. कारखान्यांतील बोलीत त्याला सरसकट ‘थर्मोस्टॅट’ म्हटले जाते.

दोन धातूंच्या असमान प्रसरणावर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचे पेटंट अँड्र्यू युर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्ये घेतले. विजेवरील हीट ट्रेसिंग मात्र पुष्कळ उशिरा, १९३० च्या दशकात सुरू झाले. जागेवर हव्या त्या लांबीची कापता येणारी समांतर रचनेची केबल १९७० च्या दशकात बाजारात आली आणि त्यानंतर या तंत्राचा प्रसार झपाट्याने झाला.

थंड देशांत ट्रेसिंगचा पहिला हेतू पाणी गोठू न देणे हा असतो. तेथे स्विच पुष्कळदा हवेचे तापमान पाहतो आणि पारा ५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला की सगळी केबल एकदम चालू करतो. कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटेही पारा साधारण १५ अंशांपर्यंतच उतरत असल्याने तसा स्विच येथे बसवला, तर तो वर्षानुवर्षे हलणारही नाही. या भागात ट्रेसिंगची गरज पडते ती चिकटपणामुळे. साखर कारखान्यांतील आणि आसवनी प्रकल्पांतील मळी म्हणजे मोलॅसिस (काही गावांत ‘मळी’ हा शब्द प्रेसमडला, म्हणजे रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळालाही लावतात, येथे तो अभिप्रेत नाही), भट्ट्यांचे फर्नेस ऑइल, डेअरीतील तूप, इचलकरंजीच्या सायझिंगमधील (विणण्याआधी सुताला लावण्याची) खळ आणि साखरेच्या शुभ्रीकरणासाठी लागणारे वितळलेले गंधक हे सर्व पदार्थ थंड झाले की पंपाने ओढले जात नाहीत. मळीचे तापमान १० अंशांनी उतरले की तिचा चिकटपणा दुपटीहून अधिक वाढतो. बाष्पकांच्या (रस आटवणाऱ्या भांड्यांच्या) सफाईसाठी लागणाऱ्या ५० टक्के कॉस्टिक द्रावणाचा गोठणबिंदू सुमारे १२ अंश आहे, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत तेही धोक्याच्या सीमेवर येते. अशा नळांवर हवेचे तापमान पाहणारा स्विच कुचकामी ठरतो. स्विचने नळाच्याच पृष्ठभागाचे तापमान पाहिले पाहिजे.

रचना : सर्वाधिक प्रचारात असलेल्या यांत्रिक स्विचमध्ये द्रवाने भरलेला धातूचा बल्ब, त्याला जोडलेली केसासारख्या छिद्राची कॅपिलरी आणि पेटीतील पडदा किंवा भाता असे तीन भाग असतात. नळ तापला की बल्बमधील द्रव प्रसरण पावतो, दाब कॅपिलरीतून पडद्यावर येतो आणि पडदा मायक्रोस्विचला ढकलतो; तेव्हा ऐकू येणारा ‘टक्’ हा आवाज अनुभवी वायरमनला तपासणीसाठी पुरेसा असतो. स्विच ज्या तापमानाला उघडतो (वीज तोडतो) आणि ज्या तापमानाला पुन्हा मिटतो (वीज जोडतो), त्यांतील अंतराला फरक म्हणतात. उदाहरणार्थ, ४५ अंशांवर बंद होणाऱ्या स्विचचा फरक ५ अंश असेल, तर नळ ४० अंशांपर्यंत थंड झाल्यावर केबल पुन्हा चालू होते. हा फरक फार कमी ठेवला तर संपर्कबिंदू सतत उघडझाप करून लवकर जळतात. फार मोठा ठेवला तर पदार्थ मधल्या काळात घट्ट होतो. प्लॅटिनमच्या पीटी १०० संवेदकावर चालणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक अधिक अचूक असतात आणि तापमान आकड्यांत दाखवतात, परंतु धूळ, वाफ आणि विजेच्या दाबातील चढउतार यांच्यापुढे साधा बल्बचा स्विच पुष्कळदा जास्त टिकतो.

बल्बची जागा : जोडणीतील बहुतेक चुका या एकाच बाबतीत होतात. आडव्या नळावर तापक केबल सामान्यतः खालच्या बाजूला, घड्याळाच्या तबकडीवर ४ किंवा ८ वाजता काटा जिथे असतो त्या अंगाला बांधतात. बल्ब तिच्यापासून किमान पाव घेर दूर असावा आणि केबलला कोठेही टेकू नये. तो केबलजवळ राहिला, तर त्याला नळाचे तापमान न कळता केबलचेच कळते; मग पदार्थ थंड असतानाच स्विच बंद होतो आणि ‘केबल कमी पडते’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. फ्लँज (नळांच्या जोडावरील चकत्या), झडपा आणि लोखंडी आधार यांतून उष्णता झपाट्याने बाहेर जाते, म्हणून त्यांच्यापासून सुमारे एक मीटर अंतर सोडावे. बल्बखालचा गंज आणि सुटा रंग घासून काढून बल्ब नळाच्या लांबीच्या दिशेने, पूर्ण लांबीभर टेकवून काचतंतूच्या पट्टीने बांधावा. वर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावल्यास संपर्क सुधारतो. बल्ब आणि नळ यांच्यामध्ये रॉकवूलचा (आवरणातील खनिज तंतूंच्या लोकरीचा) एखादा तुकडा जरी अडकला, तरी स्विच अनेक अंशांनी उशिरा बंद होतो.

बल्ब नळाच्या कोणत्या शाखेवर बसवायचा, हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे आणि तो नकाशावर सहसा सुटत नाही. मळीच्या टाकीखालच्या पंपापासून एक फाटा टाकीत परत जातो आणि दुसरा टँकर भरण्याच्या जागेकडे जातो असे समजू. परतीच्या फाट्यातून कोमट मळी सतत फिरत असते, तर टँकरचा फाटा दोन टँकरांच्या मधल्या वेळात तुंबून थंड होत असतो. दोन्हींवरील केबल एकाच स्विचवर असून बल्ब परतीच्या फाट्यावर असेल, तर स्विचला सर्व काही ऊबदार दिसते आणि टँकरच्या फाट्यातील मळी घट्ट होते. ज्या ज्या नळात प्रवाहाची स्थिती वेगळी, त्याला स्वतंत्र केबल आणि स्वतंत्र स्विच हाच यावरचा खरा उपाय होय. खर्चामुळे ते शक्य नसेल, तर बल्ब सर्वांत जास्त काळ थांबून राहणाऱ्या शाखेवर बसवावा आणि वाहत्या शाखेत होणारी थोडी जादा उष्णता सोसावी. मात्र मळी ४० ते ४५ अंशांपलीकडे दीर्घकाळ तापू देऊ नये, कारण तिच्यात फेस येतो, किण्वनास उपयोगी साखर कमी होते आणि साठ्यात स्वतःहून उष्णता निर्माण होण्याचा धोका संभवतो.

कॅपिलरी कधीही कापू किंवा जोडू नये. आतील द्रव गेला की स्विच निकामी झाला. उरलेली लांबी सैल वेटोळे करून बांधावी, तिला तीव्र कोनात वाकवू नये आणि ती आवरणातून बाहेर पडते तेथे पत्र्याची धार लागू नये म्हणून रबरी बूच बसवावे. उघडी कॅपिलरी लवचीक धातूनळीतून नेणे श्रेयस्कर असते, कारण उसाच्या फडांलगतच्या कारखान्यांत उंदरांचा उपद्रव असतो आणि नळावर पाय देऊन चढणारा माणूसही तितकेच नुकसान करतो.

विद्युत जोडणी : स्विचवर सामान्यतः कॉमन (सामाईक), एनसी (एरवी मिटलेला) आणि एनओ (एरवी उघडा) असे तीन टर्मिनल असतात. तापनासाठी तापमान वाढल्यावर उघडणारा एनसी संपर्क घ्यावा लागतो. चुकून एनओ घेतल्यास थंड नळावर केबल बंद राहते. भर उन्हाळ्यात चाचणी घेतली तर ही चूक लक्षात येत नाही, ती पहिल्या थंडीत उघडकीस येते. लहान, २३० व्होल्टच्या एकेरी फेजच्या मंडलात (सर्किटमध्ये) केबलचा प्रवाह थेट स्विचमधून नेता येतो. मोठ्या किंवा तीन फेजच्या मंडलात स्विचने केवळ कॉन्टॅक्टरची (मोठा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचची) कॉइल चालवावी. स्वनियंत्रित (तापेल तशी आपली उष्णता आपोआप कमी करणारी) केबल थंड असताना सुरू केली की पहिल्या काही क्षणांत नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. संपर्कबिंदू एकमेकांना चिकटून बसण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे, आणि एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढल्यास वीज तोडणारा स्विच) निवडतानाही ते ध्यानात ठेवावे लागते. प्रत्येक मंडलाला ३० मिलिअँपिअरचे भूगळती संरक्षण (जमिनीकडे वीज गळताच पुरवठा तोडणारे) आवश्यक मानले जाते. पेटी किमान आयपी ६५ दर्जाची (धूळ व पाण्याचा फवारा आत न येऊ देणारी) असावी, केबल खालच्या बाजूने ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या तोटीतून) आत घ्यावी आणि ग्लँडच्या आधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळातूनच गळून जाते.

आसवनी प्रकल्पाच्या इथेनॉल विभागात ज्वालाग्राही वाफा असू शकतात. तेथे साधी पेटी चालत नाही; ज्वालारोधक बनावटीचे (आतली ठिणगी बाहेरच्या वाफांना पेटवू न देणारे) आणि नागपूर येथे मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेची मान्यता असलेले साधन लागते. अशा जागी नियंत्रक स्विचखेरीज दुसरा, स्वतंत्र बल्ब असलेला आणि हातानेच पुन्हा चालू करावा लागणारा मर्यादा स्विच (तापमान कमाल मर्यादेपलीकडे गेल्यास वीज तोडणारा) बसवतात.

बिघाडाची दिशा : बल्ब किंवा कॅपिलरी फुटून द्रव गेला की दाब उतरतो, आणि दाब नसणे म्हणजे नळ थंड असणे, असाच साध्या स्विचचा समज असतो. परिणामी केबल अखंड चालू राहते. नळ गरम, मळी वाहती, कोणाची तक्रार नाही, त्यामुळे हा बिघाड महिनोन्‌महिने दडून राहतो आणि शेवटी वीजबिलात किंवा नळाच्या आतल्या काळ्या, करपलेल्या थरात दिसतो. वर सांगितलेला मर्यादा स्विच ज्वालाग्राही नसलेल्या विभागातही का वापरावा, याचे उत्तर येथे आहे. संपर्कबिंदू जळून किंवा गंजून केबल चालूच न होणे हा उलट बिघाड मात्र पंप अडल्याबरोबर सर्वांच्या डोळ्यांवर येतो.

देखभाल : साखर कारखान्याचे वर्ष गाळप हंगाम आणि बंद काळ असे दुभंगलेले असते, आणि स्विचच्या देखभालीचे वेळापत्रक त्यावरच बेतावे लागते. हंगामात बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणाऱ्या बॉयलरची वाफ मुबलक असल्याने बरेच नळ वाफेवर तापतात. बॉयलर थांबल्यावर मळीची उचल चालू असेल तर विजेची केबल कामाला येते. म्हणजे विजेचा स्विच नेमका पावसाळ्यात लागतो, जेव्हा पेटीत ओल शिरण्याची शक्यता सर्वाधिक असते. मे अखेरीस, वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेल्यावर, प्रत्येक पेटी उघडून पाहणे म्हणूनच फायद्याचे ठरते. पाणी कोठून येते हे त्या वेळी डागांवरून कळते आणि मुख्य पावसापूर्वी गॅस्केट बदलायला अवधी मिळतो.

तपासणीची साधी पद्धत अशी की बल्ब जागेवर ठेवून तापमान ठरवणाऱ्या चकतीची खूण नळाच्या तापमानाखाली आणि पुन्हा वर फिरवावी. दोन्ही वेळा ‘टक्’ ऐकू यावा आणि मीटरवर संपर्क उघडलेला व मिटलेला दिसावा. खूण फिरवण्याआधी मूळ ठिकाण पेन्सिलीने टिपून ठेवावे, अन्यथा तपासणीनंतर स्विच भलत्याच तापमानावर राहतो. अचूकता पाहण्यासाठी बल्ब सोडवून ढवळत्या पाण्यात, खात्रीच्या तापमापकाशेजारी धरतात आणि पाणी सावकाश तापवत-निववत स्विच कोठे उघडतो व कोठे मिटतो हे नोंदवतात. उकळते पाणी १०० अंश धरून तपासणी करण्याची सवय कोल्हापुरात चुकीची ठरते, कारण समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते.

केबलच्या विद्युतरोधक आवरणाचा रोध मेगरने (उच्च दाबाच्या रोधमापकाने) मोजताना स्विच आणि विशेषतः इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आधी मंडलातून सोडवावा लागतो. आढळलेला रोध २० मेगॅओहमहून कमी असेल तर केबल चालू करू नये, असा प्रघात आहे. सर्व काही ठीक असूनही नळ तापत नसेल, तर स्विच बदलण्याआधी आवरण उघडून पाहावे. भिजलेले रॉकवूल उष्णता रोखत नाही, आणि पत्र्याच्या एका सुट्या जोडातून शिरलेल्या पाण्याचा दोष निष्कारण स्विचवर येतो.

वाफेचे ट्रेसिंग आणि गंधक : वाफेच्या ट्रेसिंगमध्ये स्विच सोलेनॉइड झडपेला (विजेने उघडबंद होणाऱ्या झडपेला) आज्ञा देतो. गंधकाच्या नळावर हे काम नाजूक असते. गंधक सुमारे ११५ ते ११९ अंशांना वितळते, परंतु १५९ अंशांच्या पुढे त्याचा चिकटपणा एकाएकी प्रचंड वाढतो. म्हणजे येथे जास्त तापवल्यानेही नळ तुंबतो. चार बार दाबाच्या वाफेचे तापमान सुमारे १५२ अंश असते, तर सात बारची वाफ १७० अंशांपर्यंत जाते. त्यामुळे वाफेचा दाब आधी मर्यादित करावा आणि स्विच १२५ ते १४५ अंशांच्या दरम्यान राखावा. स्विचच्या भरवशावर जास्त दाबाची वाफ सोडू नये, कारण झडप अडकून उघडी राहिली तर स्विचला काहीच करता येत नाही.

पुरात बुडालेली साधने : पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शिरोलीजवळ महामार्गही पाण्याखाली गेला होता. नदीकाठच्या भागात स्विचच्या पेट्या पूररेषेच्या वर बसवाव्यात, कॅपिलरीची लांबी त्या हिशेबाने आधीच मागवावी. बुडालेला यांत्रिक स्विच वरून वाळलेला दिसला तरी मायक्रोस्विचमध्ये गाळ राहतो, म्हणून तो दुरुस्त न करता बदलावा. केबलची टोके वाळवून, पुन्हा सील करून आणि मेगरने तपासून मगच तिला वीज द्यावी. भिजलेले आवरण मात्र वाळण्याची वाट न पाहता काढून टाकावे.