पड जमिनीवरची वस्ती

गावाला नवी माध्यमिक शाळा मंजूर झाली की जागेचा शोध बहुधा गायरानापाशी किंवा माळावरच्या एखाद्या पडीक गटापाशी येऊन थांबतो. पिकाखालची जमीन द्यायला सहसा कोणी तयार नसते. माळ मात्र सर्वांना मोकळा वाटतो. सातबाऱ्यावर त्याची नोंद ‘पड’ किंवा ‘पोटखराबा’ (लागवडीला अयोग्य) अशी असते, आणि केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी माळांची मोठी क्षेत्रे याच सदरात मोडतात. ही नोंद नांगराच्या हिशेबाने केलेली आहे. पुणे, सातारा, सोलापूर अशा जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतल्या भागात त्या जागेवर प्रत्यक्षात कोणते पशुपक्षी आणि वनस्पती राहतात हे समजून घ्यायचे, तर तिच्याकडे वेगळ्या नजरेने आणि वर्षातून अनेकदा पाहावे लागते. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार बांधकाम प्रकल्पांना पूर्वपरवानगीची अट २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून पुढे लागू होते. गावातली शाळा त्याच्या कितीतरी खाली असते, त्यामुळे बांधकामाआधी तिथल्या जीवसृष्टीचा असा अभ्यास करायचा की नाही हे बहुतेक वेळा संस्थेच्या इच्छेवरच अवलंबून राहते.

वर्षातून अनेकदा का पाहायचे, याचे उत्तर माळच देतो. मे महिन्यात माळावर गेलेल्या माणसाला वाळलेले कुसळी गवत, चार बोरी, एखादे हिवराचे झाड आणि तापलेला मुरूम एवढेच दिसते. पण त्याच मुरमात माळटिटवी नुसता उथळ खळगा करून त्यात खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते, आणि धाविक पक्ष्यालाही घरट्यासाठी अशीच उघडी जमीन लागते. पावसाळ्यात तिथेच गवत गुडघ्याच्या वर जाते, खोलगट जागी साचलेल्या पाण्यात बेडूक प्रजनन करतात आणि उरलेले वर्ष कंदाच्या रूपात जमिनीखाली दडलेल्या वनस्पती काही आठवड्यांपुरत्या फुलतात. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी दिवसभर नाकतोड्यांवर आणि लहान पक्ष्यांवर झडप घालत फिरतात आणि संध्याकाळी उंच गवतात, थेट जमिनीवर, समूहाने रातथाऱ्याला उतरतात. यांपैकी एकाच ऋतूत केलेली पाहणी उरलेल्यांना गैरहजर ठरवते. म्हणून किमान तीन ऋतूंत, ठरवून दिलेल्या त्याच रेषेवरून, पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास चालत नोंदी घ्याव्या लागतात.

सस्तन प्राणी क्वचितच समोर येतात, त्यांचा माग काढावा लागतो. खोकड, म्हणजे माळावरचा लहान कोल्हा, उंदीर आणि किडे खातो आणि बोरे पिकली की तीही खातो, त्यामुळे विष्ठेत बोरांच्या बिया सापडल्या की त्याचा वावर लक्षात येतो. त्याच्या बिळाला अनेक तोंडे असतात. त्यांपैकी कोणते वापरात आहे हे ताज्या उकरलेल्या मातीवरून आणि पाऊलखुणांवरून ठरवता येते. माझ्या मते या कामात मेंढपाळ आणि गुराखी यांच्याशी बसून बोलण्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही, कारण लांडगा कोणत्या घळीतून येतो हे त्यांना कळपाच्या काळजीपोटी ठाऊक असते.

मात्र शाळेच्या पाच एकरांच्या गटात जे सापडले त्याची यादी केली म्हणजे मूल्यमापन झाले असे नाही. जर्मन भूगोलज्ञ कार्ल ट्रोल यांनी १९३९ मध्ये, हवाई छायाचित्रांचा अभ्यास करताना, भूदृश्य परिसंस्थाशास्त्र ही संकल्पना मांडली. अधिवासाचा तुकडा, दोन तुकड्यांना जोडणारा पट्टा आणि त्यांच्या भोवतालची जमीन यांचा एकत्रित विचार हे शास्त्र करते. माळावरचा लहानसा ओढा हा असा जोडपट्टा असतो; त्याच्या काठच्या झुडपांच्या आडोशाने प्राणी ऊस आणि वस्त्या ओलांडून पलीकडच्या माळावर पोहोचतात. ओढा शाळेच्या हद्दीत बंदिस्त झाला तर नुकसान पाच एकरांपुरते राहत नाही, दोन्हीकडचे माळ एकमेकांपासून तुटतात.

बांधकामाचा परिणाम त्याच्या पायापुरता थांबत नाही, याचे उत्तम उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर मिळाले. तिथल्या पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी आढळले, त्यामुळे ते ज्यांना खातात त्या सरड्यांची संख्या वाढली आणि त्या सरड्यांचे वागणे व शरीरक्रियाही बदलल्या, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. या सरड्यांच्या प्रजातीगटाचे शास्त्रीय नाव ‘सारडा’ असून ते आपल्या मराठी ‘सरडा’ या शब्दावरूनच २०१६ मध्ये ठेवले गेले आहे.

शाळेच्या बाबतीत असा दूरवर पोहोचणारा परिणाम मला सर्वाधिक भीतिदायक वाटतो तो कुत्र्यांचा. मध्यान्ह भोजनाची उरलेली खिचडी कुंपणाबाहेर टाकली जाऊ लागली की काही महिन्यांत तिथे भटक्या कुत्र्यांची टोळी स्थिरावते. कुत्री जमिनीवरची घरटी उद्ध्वस्त करतात, खोकडाला हुसकावतात आणि डिस्टेंपर, रेबीज यांसारखे रोग त्याच्यापर्यंत पोहोचवू शकतात. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरातील प्रयोगांत, कुत्रा जवळ असल्याची चाहूल लागताच खोकडांचे खाण्याकडचे लक्ष कमी झाल्याचे दिसले आहे. आराखड्यात उरलेल्या अन्नासाठी झाकणबंद खड्डा दाखवणे ही म्हणूनच वन्यजीवांसाठीची तरतूद आहे.

दुसरी अडचण सदिच्छेतून येते. ‘हरित शाळा’ म्हणून माळावर गिरिपुष्पाच्या किंवा निलगिरीच्या ओळी लावल्या जातात, पण दाट सावलीत माळाचे गवत टिकत नाही, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या शत्रूंना टेहळणीसाठी उंच जागा मिळते. सावली मुलांना हवीच. ती इमारतीच्या आणि मैदानाच्या कडेला स्थानिक झाडांची असावी, आणि उरलेला माळ गवताचाच राहू द्यावा.

इमारत रस्त्यालगतच्या, आधीच तुडवल्या गेलेल्या कोपऱ्यात बसवता आली तर अर्धे काम तिथेच होते. कुंपण सातबाऱ्याच्या हद्दीवर न घालता वर्ग आणि मैदान यांच्याभोवतीच घालावे, म्हणजे ओढ्याचा पट्टा आणि गवत बाहेर मोकळे राहते. दिव्यांचा झोत जमिनीकडे वळवलेला असावा आणि विहिरीला कठडा बांधावा. मुरूम उकरण्याचे काम पिल्लांचा आणि घरट्यांचा काळ टाळून, पावसाळा संपल्यावर सुरू करावे, आणि त्याआधी त्याच आठवड्यात बिळांची पुन्हा एकदा पाहणी करावी. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पाहणीची ती रेषा नकाशावर तशीच ठेवली, तर जानेवारीत आणि मे महिन्यात नववीचे विद्यार्थी तिच्यावरून चालून त्याच तक्त्यात नोंदी भरू शकतात. माळटिटवी टिकली की नाही, हे त्या तक्त्यावरूनच कळेल.