शरारा की घरारा? आधी गुडघ्याकडे बघा

मावसबहिणीच्या मेंदीसाठी मी घरारा मागवला आणि हातात पडला शरारा. फोन केला तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, एकच असतं हो ते, नुसतं नाव वेगळं." एकच नसतं. पण त्याला तरी काय बोलणार? दोन्ही दोन पायांचे घेरदार पायजमेच, दोन्हींवर कुर्ती, दोन्हींसोबत ओढणी. आणि नुसतं उभं राहिलं तर लांबून दोन्ही घागरेच वाटतात.

खरा फरक गुडघ्यापाशी आहे. घराऱ्याचा प्रत्येक पाय दोन भागांचा असतो. कमरेपासून गुडघ्यापर्यंत तो पायजम्यासारखा बेताचा, मग एक आडवी शिवण आणि तिच्याखाली चुण्या घालून जोडलेला भरगच्च घेर. हा जोड लपवायचा नसतो, मिरवायचा असतो. म्हणून तर त्यावर जरीची पट्टी किंवा जरदोजी येते. शराऱ्यात असा जोडच नाही. कापड वरून खाली रुंद होत जातं, तिरक्या कापाने किंवा कळ्या जोडून. थोडक्यात, घराऱ्याचा घेर चुण्यांतून येतो आणि शराऱ्याचा कात्रीतून.

हल्ली शराऱ्याच्या गुडघ्यावर लेस शिवून तो घरारा म्हणून खपवतात. पट्टीच्या खाली बोट फिरवून बघायचं. चुण्या लागल्या तर घरारा, कापड सपाट लागलं तर शरारा. ऑनलाइन घेताना बोट फिरवता येत नाही, आणि फोटोत कुर्ती नेमकी गुडघ्याखाली आलेली असते. अशा वेळी नुसत्या खालच्या कपड्याचा फोटो मागवावा. (पॅलाझोला शरारा म्हणून विकणारेही आहेत, पण तो घेर चालायला लागलं की लगेच उघडा पडतो.)

घराऱ्याचं माहेर अवध, म्हणजे लखनौ आणि आसपासचा मुलूख. उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम घरांत नवरीचा घरारा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. फाळणीनंतर तो पाकिस्तानातही प्रतिष्ठेचा पोशाख राहिला. मोहम्मद अली जिनांच्या बहीण फातिमा जिना आणि पाकिस्तानच्या पहिल्या पंतप्रधानांच्या पत्नी राना लियाकत अली खान यांच्या घराऱ्यातल्या तसबिरी प्रसिद्ध आहेत. जुन्या पद्धतीच्या घराऱ्याला एकेका पायाला 12 मीटरहून अधिक कापड लागायचं, तेही बहुधा रेशमी किनखाबाचं. जमिनीवर लोळणारा असेल तर तो फर्शी. चालताना तो हाताने उचलून धरायचा. आजचा रेडिमेड घरारा त्यामानाने फारच काटकसरी. चुण्या विरळ असतील तर जोडाखालचा घेर फुलत नाही, नुसता लोंबतो. घ्यायचाच तर चुण्या दाट बघून घ्या.

आता कुर्ती. इथे बहुतेकींचं चुकतं, माझंही चुकलंय. घराऱ्यावर आखूड कुर्तीच हवी, मांडीच्या मध्यापर्यंत. गुडघ्यापर्यंतची घातली की ज्या जोडासाठी पैसे मोजले तोच झाकला जातो, शिवाय चुण्यांचा फुगवटा कुर्तीला आतून ढकलत राहतो. शरारा बिचारा समजूतदार. आखूड कुर्ती, पेप्लम (कमरेखाली झालर असलेला टॉप), बाजूने उंच चीर असलेला लांब कुर्ता, समोरून उघडं लांब जॅकेट, सगळं चालवून घेतो. तीन-चार थर चढवायची हौस असेल तर शराराच घ्यावा. जॅकेटच्या दोन उभ्या कडा आणि खालचा सलग घेर मिळून उंचीही जास्त भासते. घराऱ्याची आडवी पट्टी पायाचे दोन तुकडे करते. म्हणून बुटक्या मुलींनी तो घालूच नये असं म्हणतात, ते मला पटत नाही. पट्टी कापडाच्याच रंगाची ठेवली आणि कुर्ती आणखी आखूड केली की काम भागतं.

घरारा शिवून घेणार असाल तर कंबर आणि पूर्ण उंची एवढ्या मापांवर भागवू नका. कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं माप वेगळं द्या. उंची सारखी असली तरी दोघींचे गुडघे एकाच जागी नसतात, आणि पट्टी चार बोटं खाली घसरली की सगळा तोलच जातो. रेडिमेड घरारा बऱ्याचदा फसतो तो यामुळेच. शराऱ्याची उंची खालून कमी करता येते; घराऱ्याचा जोड वर घ्यायचा तर अख्खा पाय उसवावा लागतो. माप देताना त्या दिवशी घालणार तीच चप्पल घालून उभं राहा, आणि ट्रायलला एकदा मांडी घालून बसून बघा. गुडघ्यावर ओढ बसत असेल तर वरचा भाग थोडा सैल करून घ्या.

कापडाचाही विचार उलटसुलट होतो. शराऱ्याला जॉर्जेट, शिफॉन, क्रेप असं अंगावरून ओघळणारं कापड शोभतं. घराऱ्याच्या चुण्यांना थोडा ताठपणा लागतो, म्हणून ब्रोकेड, रेशीम, टिश्यू. आणि तिरक्या कापाचा जॉर्जेटचा शरारा असेल तर टेलरला सांगा की तळ दुमडण्याआधी तो एक-दोन दिवस टांगून ठेव. तिरकं कापड स्वतःच्या वजनाने लांबतं, कुठे जास्त, कुठे कमी. माझ्या त्या शराऱ्याचं तेच झालं. मेंदीच्या संध्याकाळी डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर लांब होता, आणि मी रात्रभर नाचले ती एका हाताने त्याचा कोपरा धरून.