स्टोरेजवरून काढलेली डिस्क सर्व्हर का विसरत नाही?

डेटा सेंटरमध्ये एक समजूत घट्ट बसलेली आहे: स्टोरेजच्या बाजूने डिस्क काढून घेतली की ती सर्व्हरवरूनही गेली. पेन ड्राइव्ह उपसल्यावर त्याचं चिन्ह पडद्यावरून जातं, मग इथेही तसंच होत असणार असं वाटणं साहजिक आहे. पण तसं होत नाही, आणि लिनक्स सर्व्हर रात्री-अपरात्री हँग होण्यामागे पुष्कळदा हेच कारण निघतं.

मोठ्या सर्व्हरच्या डिस्क बहुधा त्याच्या पेटीत नसतात. स्टोरेजचं कपाट वेगळं असतं आणि त्यातल्या जागेचे तुकडे फायबर चॅनेलवरून निरनिराळ्या सर्व्हरना दिलेले असतात. अशा एका तुकड्याला लन म्हणतात. सर्व्हरमध्ये फायबरची दोन कार्डं आणि स्टोरेजला दोन कंट्रोलर, म्हणजे एका लनपर्यंत जायला साधारण चार वाटा. लिनक्सला या चार वाटा चार वेगळ्या डिस्क दिसतात. समजा एसडीएफ, एसडीके, एसडीपी आणि एसडीयू. चौघींचा ओळखक्रमांक, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूआयडी, एकच आहे हे पाहून मल्टिपाथ नावाचा थर त्यांची मोट बांधतो आणि तिला एमपाथई असं काहीतरी नाव देतो. फाइल सिस्टिम बसते ती या मोटेवर.

आता स्टोरेज टीमने लन अनमॅप केला, म्हणजे सर्व्हरला दिलेला तुकडा काढून घेतला. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, हे कळतं ते पुढची आज्ञा पाठवल्यावर. उत्तर येतं ५/२५/००, म्हणजे ‘या क्रमांकाचा लन इथे नाही’. काही स्टोरेज ‘लनची यादी बदलली’ असा ३एफ/०ई हा इशाराही देतात. त्यावर कर्नल लॉगमध्ये नोंद करतो की या टार्गेटवरची लनची वाटणी बदललेली दिसते, पण लिनक्सचा स्कझी थर (डिस्कशी बोलणारा भाग) ती आपणहून नव्याने जुळवत नाही. नोंद झाली, कर्नलचं काम संपलं. उपकरण जागेवरच.

वाट तुटल्यावर ठरावीक वेळाने उपकरण पुसणारा डेव्ह_लॉस_टीएमओ नावाचा टायमर आहे खरा. पण तो सुरू होतो पलीकडचं पोर्टच गायब झालं तर. इथे पोर्ट शाबूत असतं आणि त्यामागचा एक लन तेवढा नसतो, म्हणून टायमर हलतच नाही. मल्टिपाथडी, म्हणजे मल्टिपाथचा मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, दर ५ सेकंदांनी प्रत्येक वाटेला ‘तयार आहेस का?’ विचारत राहतो. चार मेलेल्या वाटांना दिवसाला ६९,१२० वेळा. गाव धरणात गेलं तरी एसटीच्या वेळापत्रकात थांबा राहावा, तशातली गत.

एवढंच असतं तर लॉगमधला कचरा म्हणून सोडून देता आलं असतं. खरी गोम पुढे आहे.

मल्टिपाथमध्ये क्यू_इफ_नो_पाथ ही सोय असते. सगळ्या वाटा गेल्या तरी एरर द्यायची नाही, वाचणं-लिहिणं रांगेत धरून ठेवायचं आणि वाट परत आली की पुढे सोडायचं. कंट्रोलर अपडेट होताना स्टोरेज अर्धा मिनिट गप्प बसलं तर डेटाबेस यामुळेच वाचतो. पण लन कायमचा गेला असेल तर ही रांग कधीच सरकत नाही. मग त्या डिस्कवर काम करणारी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) ‘डी’ अवस्थेत जाते: अशी झोप, की सिग्नलने, म्हणजे बाहेरून पाठवलेल्या हुकमाने, मोडत नाही.

ती का मोडू देत नाहीत, हा या विषयातला सर्वांत देखणा भाग आहे. प्रोसेस एफसिंक करते, म्हणजे लिहिलेलं डिस्कवर पक्कं करायला सांगते, तेव्हा ती कर्नलच्या आत शिरलेली असते. तिच्या हातात फाइल सिस्टिमची कुलपं असतात, जर्नलचा, म्हणजे फाइल सिस्टिमच्या बदलांच्या वहीचा, व्यवहार अर्धा झालेला असतो, मेमरीची काही पानं ‘लिहिली जात आहेत’ अशी खूण करून अडकवलेली असतात. अशा वेळी तिला मारलं तर कुलपं उघडणारं कोणी उरत नाही. शिवाय कार्ड जर त्याच पानांतून थेट डेटा उचलत असेल आणि कर्नलने ती पानं दुसऱ्या कुणाला देऊन टाकली, तर डिस्कवर भलताच मजकूर जाईल. आपल्या बाबतीत आज्ञा कार्डापर्यंत पोचलेलीच नाही, ती वरच्या रांगेत पडून आहे. पण वाट पाहणाऱ्या थराला हा फरक दिसत नाही. त्याला एकच माहीत असतं: पूर्ण झालं किंवा एरर आली, यांपैकी काहीतरी कळेपर्यंत जागं व्हायचं नाही. २.६.२५ या कर्नलपासून ‘फक्त ठार मारता येईल’ अशी मधली अवस्था आली, त्यामुळे साधं वाचन करणारी प्रोसेस कधीकधी सुटते. एफसिंक आणि जर्नल मात्र तसेच अडकून राहतात.

मग संसर्ग सुरू होतो. कुणी सिंक (राहिलेलं सगळं डिस्कवर लिहायला लावणारी आज्ञा) चालवतो, तो सगळ्या फाइल सिस्टिमना हात लावतो, अडकतो. कुणी पीव्हीएस चालवतो, म्हणजे एलव्हीएमच्या डिस्कची यादी मागतो. एलव्हीएमला (डिस्कची जागा एकत्र करून वाटून देणाऱ्या थराला) प्रत्येक डिस्कचं डोकं वाचायचं असतं, तोही अडकतो. लिनक्सच्या लोड अ‍ॅव्हरेजमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या भाराच्या आकड्यात, १९९३ पासून डी अवस्थेतल्या प्रोसेसही मोजतात, म्हणून सीपीयू रिकामा आणि लोड २०० असं चित्र दिसतं. दर १२० सेकंदांनी अडकलेल्या टास्कची तक्रार लॉगमध्ये येते. मग किल -९ या ठार मारण्याच्या आज्ञेचा जप सुरू होतो आणि तो फळत नाही म्हणून रीबूट; रीबूटही अडकतो, कारण बंद होण्याआधी अनमाउंट करावं, म्हणजे फाइल सिस्टिम उतरवून ठेवावी लागते. खंडेनवमीला रॅकला हळदकुंकू जरूर वाहावं, पंख्यांपासून जरा लांब. पण किल -९ वरची श्रद्धाही त्याच जातीची आहे. ‘स्वतःला बरं करणारं स्टोरेज’ ही जाहिरातही तशीच, कारण स्टोरेज कितीही हुशार असलं तरी सर्व्हरच्या मेमरीतली नोंद त्याला पुसता येत नाही.

याहून वाईट म्हणजे लन क्रमांकाचा पुनर्वापर. जुना लन ५ या क्रमांकावर होता. तो काढला आणि महिन्याभराने त्याच सर्व्हरला नवा व्हॉल्यूम ५ वरच दिला. जुना एसडीएफ अजून जिवंत आहे, त्याचा पत्ता तोच आहे. ‘तयार आहेस का?’ला आता ‘हो’ असं उत्तर येतं, वाट पुन्हा सुरू होते आणि रांगेतलं महिन्यापूर्वीचं लिखाण नव्या डिस्कवर जाऊन पडू शकतं. मल्टिपाथच्या नव्या आवृत्त्यांत वाट परतल्यावर डब्ल्यूडब्ल्यूआयडी पुन्हा तपासण्याची सोय आहे, रीचेक_डब्ल्यूडब्ल्यूआयडी या नावाची. मुळात ती बंद असते.

म्हणून काढायचं ते वरून खाली, सर्व्हरच्या बाजूने. आधी मल्टिपाथ -एलएल चालवून एमपाथईचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी आणि चारही वाटा कागदावर घ्यायच्या. स्टोरेजकडचा सीरियल आणि हा क्रमांक जुळला पाहिजे. बऱ्याच स्टोरेजवर तो ३३ अक्षरी असतो आणि फरक शेवटच्या तीन-चार अक्षरांत असतो, तेव्हा पूर्ण वाचायचा. मग अ‍ॅप्लिकेशन बंद, फ्यूजर -व्हीएमने कोण बसलंय ते पाहणं, अनमाउंट आणि एफएसटॅबमधली (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीतली) ओळ काढणं. ही ओळ राहिली तर पुढच्या रीबूटला सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद डिस्कची वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. एलव्हीएम असेल तर तो बंद करायला व्हीजीचेंज -एएन, मग त्याच्या खुणा पुसायला व्हीजीरिमूव्ह, पीव्हीरिमूव्ह.

आता मोट सोडायला मल्टिपाथ -एफ एमपाथई. ‘मॅप इन यूज’ आलं तर जबरदस्ती न करता /सिस/ब्लॉक/डीएम-७/होल्डर्समध्ये डोकवायचं (७च्या जागी आपला आकडा). बहुधा एखादा विसरलेला लॉजिकल व्हॉल्यूम सापडतो. सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन असतील तर त्यांच्या आतलाही. मोट सुटली की प्रत्येक वाटेवर ब्लॉकडेव्ह --फ्लशबफ्स, आणि मग प्रत्येकीच्या /सिस/ब्लॉक/एसडीएफ/डिव्हाइस/डिलीट या फाइलीत १ लिहायचा. चार वाटा, चार वेळा. एसडीएफ हे नाव मागच्या आठवड्याच्या नोंदीतून घ्यायचं नाही, कारण रीबूटनंतर ही अक्षरं बदलू शकतात.

यानंतरच स्टोरेजवर अनमॅप. मधल्या वेळात कुणी रीस्कॅन केला, म्हणजे डिस्कचा नव्याने शोध घेतला, तर चारही डिस्क परत उभ्या राहतात, तेव्हा दोन्ही टीमनी ही कामं पाठोपाठ उरकावीत.

आणि क्रम आधीच चुकला असेल, लोड चढलेला असेल तर? स्टोरेजवर व्हॉल्यूम अजून पुसलेला नसेल तर तोच व्हॉल्यूम, त्याच सर्व्हरला, त्याच लन क्रमांकावर परत मॅप करून घ्यायचा. काही सेकंदांत वाटा जिवंत होतात, रांग वाहून जाते, प्रोसेस सुटतात आणि मग सावकाश वरचा क्रम पाळता येतो. व्हॉल्यूम पुसला गेला असेल तर रांग धरणं बंद करायला डीएमसेटअप मेसेज एमपाथई ० फेल_इफ_नो_पाथ. रांगेतल्या प्रत्येक आज्ञेला एरर मिळते, फाइल सिस्टिम स्वतःला बंद किंवा रीड-ओन्ली करते, अडकलेल्या प्रोसेस जाग्या होतात आणि अनमाउंट होतं. रांगेत जे लिखाण होतं ते जातं. अनमाउंट -एल या टप्प्याआधी वापरलं तर माउंट यादीतून नाहीसा होतो, पण खालची पकड तशीच राहते आणि मल्टिपाथ -एफ ‘मॅप इन यूज’च म्हणत राहतो.