रुपयाभार रुपया: नाण्याचं वजन कसं उतरत गेलं

चिल्लरच्या डब्यातून दोन नाणी काढून टेबलावर ठेवली आहेत. एक २००९ चा रुपया, अंगठा वर केलेल्या हाताचा. दुसरं २०१२ चं, दोन रुपयांचं. एकावर एक ठेवली की कडेला कडा जुळते, नख फिरवलं तरी कुठे अडत नाही. दोन्हींचा व्यास २५ मिलिमीटर, दोन्हींचं वजन ४.८५ ग्रॅम आणि दोन्ही एकाच जातीच्या स्टीलची. टांकसाळीत कालपर्यंत जी चकती रुपया होऊन बाहेर पडत होती, तीच २०११ पासून दोन रुपये होऊन बाहेर पडू लागली. डोळे मिटून यातला रुपया कोणता ते ओळखायला गेलं, तर बोटं घोटाळतात.

हा वेंधळेपणा वाटतो, पण तो एका रात्रीत झालेला नाही. त्यामागे पावणेदोनशे वर्षांची उतरण आहे.

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच रुपया ठरवला: १८० ग्रेन, म्हणजे आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारातले अकरा भाग चांदी. त्याआधी आपल्याकडे अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का असे किती तरी रुपये चालत. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी नेला की सराफ कस आणि वजन पाहून त्याला बट्टा लावी, म्हणजे किंमत कमी धरी. नावाला बट्टा लागतो तो याच व्यवहारातून आला. नवा रुपया वजनाला बरोबर एक तोळा भरायचा, आणि ८० तोळ्यांचा शेर. त्यामुळे घरात वजन नसलं तर ताजव्यात रुपया टाकून काम भागे. ‘रुपयाभार साखर’, ‘रुपयाभार औषध’ हे शब्द तिथले. रुपयाची किंमत त्याच्या अंगातच होती, दगडावर आपटून आवाज ऐकला की खात्री पटे. ‘खणखणीत नाणं’ आपण आजही म्हणतो, फक्त नाणं खणखणायचं थांबलं आहे.

चांदी गेली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. युद्ध संपल्यावर तीही काढून निव्वळ निकेलचा रुपया पाडला, एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला वाघ. वजन मात्र ११.६६ ग्रॅमच राहिलं. माप तेच आणि आतला माल स्वस्त, हा आपल्या नाण्याच्या इतिहासातला खरा सांधा आहे. इथून पुढे रुपया म्हणजे सरकारचा शब्द. वजन ही एक जुनी सवय उरली, आणि सवय हळूहळू मोडता येते.

१५ ऑगस्ट १९५० ला प्रजासत्ताकाची पहिली नाणी आली. राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह, वाघाच्या जागी कणसं. हिशेब अजून जुनाच होता: १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. तो मोडला १ एप्रिल १९५७ ला. रुपयाचे १०० भाग झाले आणि जुन्या पैशाशी गल्लत नको म्हणून नव्याला ‘नया पैसा’ म्हटलं. नाण्यावरच छापलं होतं, ‘रुपये का सौवाँ भाग’. आपण त्याला नवा पैसा म्हणू लागलो. पंचाईत अशी की एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे होत, आणि पाव पैसा द्यायचा कसा? मग तक्ता ठरला: एक आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५. म्हणजे एकेक आणा करून चार वस्तू घेतल्या तर २४ पैसे, एकदम चार आण्यांची घेतली तर २५. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या पिढीला हा एक पैसा किती बोचला असेल! १ जून १९६४ पासून ‘नया’ शब्द गळला. आणे मात्र बोलण्यातून गेले नाहीत, २५ पैशांना चार आणे आणि ५० पैशांना आठ आणे हे पुढे पन्नास वर्षं चाललं.

या संचाबद्दल मला विशेष आदर आहे, तो आकारांसाठी. एक पैसा गोल, दोन पैसे नागमोडी कडेचे, पाच पैसे चौकोनी, दहा पैसे पुन्हा नागमोडी पण मोठे. पुढे १९६४ मध्ये तीन पैशांचं षट्कोनी नाणं आलं. ज्याला अंक वाचता येत नाही त्यालाही खिशात हात घालून हवं ते काढता यावं, अशी ती रचना होती.

मग धातूंचे भाव वाढले. निकेल बाहेरून आणावं लागे, तांबंही महाग झालं. नाणं पाडणाऱ्याचं गणित सरळ असतं: आतल्या धातूची किंमत दर्शनी किमतीच्या वर गेली की नाणं बाजारात राहत नाही, ते भट्टीत जातं. म्हणून साठच्या दशकात सुट्ट्या पैशांत ॲल्युमिनियम शिरलं. एक पैशाचं चौकोनी नाणं पाऊण ग्रॅमचं होतं. अलगद ठेवलं तर पाण्यावर तरंगायचं, आणि आमच्या घरी पितळी तांब्यात तो खेळ चालायचा. त्याच सुमारास, १९६८ मध्ये, २० पैशांचं पिवळंधमक नाणं आलं, त्यावर कमळ होतं. कमळ आणि सोन्याचा रंग म्हणजे लक्ष्मीच! आमच्या देवघरातल्या डबीत तशी पाच नाणी अजून आहेत. चलनाची नाणी देव्हाऱ्यात जाऊन बसली तर टांकसाळीने काय करावं?

रुपयाची उतरण आकड्यांतच पाहावी. १९६२ चा निकेलचा रुपया १० ग्रॅम. १९७५ मध्ये तांबं-निकेलचा, ८ ग्रॅम. ऐंशीच्या दशकात ६ ग्रॅम. १९९२ मध्ये स्टीलचा, ४.८५ ग्रॅम. २०११ मध्ये ३.७९. आणि २०१९ पासून ३.०९ ग्रॅम, व्यास २० मिलिमीटर. तोळ्याचा रुपया पाव तोळ्याच्या थोडा वर येऊन थांबला आहे.

यातलं स्टीलचं वळण सगळ्यात मोठं. १९८५ च्या सुमारास सुट्ट्यांची इतकी टंचाई झाली की सरकारने ब्रिटन आणि कोरियातल्या टांकसाळींकडून नाणी पाडून आणली. डब्यात १९८५ चा रुपया असेल तर सालाखाली भिंग धरून पाहा, इंग्रजी ‘एच’ अक्षर दिसलं तर तो बर्मिंगहॅमचा. देशात मुंबई, कोलकाता आणि हैदराबाद या तीन टांकसाळी होत्या, १९८८ मध्ये नॉयडाची चौथी उभी राहिली आणि तिथे १०, २५, ५० पैशांची स्टीलची नाणी पडू लागली. २५ पैशांवरचा तो गेंडा तिथूनच आला. सालाखालची खूणगाठ आजही तीच आहे: चौकटच्या पत्त्यासारखी खूण मुंबईची, चांदणी हैदराबादची, ठिपका नॉयडाचा आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं.

हे स्टील म्हणजे ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. ते गंजत नाही आणि चुंबकाला चिकटतं. फ्रिजवरचं चुंबक घेऊन डब्यात फिरवलं की स्टीलची नाणी वर येतात, तांबं-निकेलची खाली राहतात. नाण्यांतल्या धातूवर तस्करांचाही डोळा होता. नाणी सीमेपलीकडे बांगलादेशात जातात आणि वितळवून त्यांची दाढीची पाती होतात, अशा बातम्या २००७ मध्ये कोलकात्याहून येत होत्या. जुन्या पाचच्या नाण्यात ९ ग्रॅम तांबं-निकेल होतं, त्यामुळे त्यात नवल नाही. २०११ च्या नाणे कायद्याने नाणं वितळवण्याला सात वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. पण कैदेपेक्षा स्टीलचाच धाक जास्त, कारण ते वितळवून हाती फारसं काही लागत नाही. तरी छोटी नाणी सरकारला महागच पडतात. २०१८ मध्ये माहिती अधिकारात मुंबई टांकसाळीने दिलेल्या आकड्यांप्रमाणे एक रुपया पाडायला १ रुपया ११ पैसे लागत होते.

नोट आणि नाणं यांचा मालकही वेगळा. एक रुपयाची सोडली तर नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते, नाण्यावर कोणाचीच नसते. नाणं केंद्र सरकारचं, रिझर्व्ह बँक ते फक्त वाटते. नक्षीवरून वाद झाला की तो थेट सरकारच्या दारात जातो तो यामुळे. २००४ पासूनच्या नाण्यांवर एकमेकींना छेदणाऱ्या रेघा आणि चार ठिपके होते, ‘विविधतेत एकता’ असा त्याचा अर्थ सांगितला गेला. अनेकांना त्यात क्रूस दिसला आणि गदारोळ झाला. २००७ पासून नृत्यातल्या हस्तमुद्रा आल्या: रुपयावर अंगठा, दोनवर दोन बोटं, आठ आण्यांवर मूठ. कल्पना छान होती. पण आकार आणि वजनाकडे लक्ष गेलं नाही. २०११ मध्ये उदय कुमार यांनी रेखाटलेलं ₹ हे चिन्ह नाण्यांवर आलं आणि चकत्या पुन्हा लहान झाल्या. रुपयाची जुनी चकती दोनला मिळाली ती तेव्हाच. शिवाय दोनचं नाणं २५ मिलिमीटर आणि पाचचं २३, म्हणजे लहान किमतीचं नाणं मोठं. त्याच वर्षी ३० जूनला २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली.

नक्षी वारंवार बदलण्याचा आणखी एक फटका दहाच्या नाण्याला बसला. दोन धातूंचं हे नाणं २००५ पासूनचं. कुठल्यावर वरच्या बाजूला १५ रेघा, कुठल्यावर १०, कुठल्यावर ₹ आहे, कुठल्यावर नाही. यातलं एक खोटं, अशी आवई उठली. आमच्या मंडईत भाजीवाल्या मावशी स्वच्छ सांगायच्या, “ताई, ह्यो दहाचा चालत न्हाई, नोट द्या.” शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की दहाची नाणी १४ नक्षींत आली आहेत आणि चौदाही चालतात. चौदा नक्षी! मावशींनी त्या कधी पाठ करायच्या?

नीट डोळ्यांनी पाहणाऱ्यांची ही गत, तर न दिसणाऱ्यांनी काय करावं? नवी नाणी आणि नोटा हाताला ओळखू येत नाहीत ही तक्रार घेऊन ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. ७ मार्च २०१९ ला पंतप्रधानांनी नवी मालिका अंध विद्यार्थ्यांच्या उपस्थितीत प्रकाशित केली. राष्ट्रीय डिझाइन संस्थेने ती आखली, आणि तत्त्व अगदी साधं ठेवलं: किंमत वाढेल तसं वजन वाढावं. रुपया ३.०९ ग्रॅम, दोन ४.०७, पाच ६.७४, दहा ७.७४, वीस ८.५४. व्यासही २०, २३, २५, २७ असा चढता. दहा आणि वीस दोन्ही २७ मिलिमीटरची, पण वीसचं नाणं बारा बाजूंचं आहे. नागमोडी आणि चौकोनी नाण्यांसारखेच बोटांसाठी पुन्हा कोपरे आले. एका कडेला धान्याची नक्षी आहे. २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाचं बोधचिन्ह असलेली पाच नाणी आली, तीही अंधांना ओळखता यावीत अशीच.

नव्या मालिकेतलं पाचचं नाणं हातात घेतलं की बरं वाटतं, जाड आणि पिवळं आहे, दोनपेक्षा मोठंही आहे. पण जुनी नाणी सरकारने मागे घेतलेली नाहीत, ती त्याच डब्यात, त्याच खिशात फिरतात. या पाचचा व्यास २५ मिलिमीटर. सुरुवातीच्या त्या दोन नाण्यांवर ते तिसरं ठेवलं, तर त्याचीही कडा बरोबर जुळते.